हरलेला कुठे गेला? खेड, आळेगाव, हडपसर

भीमाथडी (धागाकर्ता)

पानिपतावर दर जानेवारीत एक तरी धागा निघतो आणि बघता बघता तीनशेच्या वर जातो. आपसातल्या लढायांवर मात्र कुणी फारसं लिहीत नाही. साहजिकच आहे म्हणा. दोन्हीकडे आपलेच, मग टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? आज २५ ऑक्टोबर. १८०२ साली याच तारखेला, ऐन दिवाळीत, यशवंतराव होळकरांनी पुण्याच्या वेशीवर शिंदे-पेशव्यांच्या एकत्र फौजेचा धुव्वा उडवला. त्या निमित्ताने हा धागा.

आधी माझं म्हणणं सांगून टाकतो, मग भांडू. परक्याशी लढाई असेल तर कोण जिंकलं यावर पुढचं बरंच ठरतं. भाऊबंदकीत तसं होत नाही. तिथे हरलेला उठून कुठे जातो, त्यावर सगळं ठरतं. तो घरातच कुठल्या तरी खोलीत जाऊन बसला तर भांडण वीस वर्षं चालेल, पण घर राहतं. तो शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसला की जिंकणाऱ्याच्या हातात फक्त रिकामा वाडा उरतो.

खेडपासून सुरुवात करू. औरंगजेब मेला मार्च १७०७ मध्ये. त्याचा मुलगा आझमशहाने कैदेतल्या शाहूंना, संभाजीराजांच्या मुलाला, माळव्यात दोराह्याला सोडलं ते मे महिन्यात, आणि सोडलं ते भांडण लागावं म्हणूनच. शाहूंच्या आई येसूबाई ओलीस राहिल्या त्या थेट १७१९ पर्यंत. इकडे शाहूंच्या काकू ताराबाईंनी सात वर्षं मोगलांशी झुंजून राज्य राखलेलं. त्यांनी 'आलेला माणूस तोतया आहे' असा पवित्रा घेतला आणि सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या. शाहूंची वाट काही फुलांची नव्हती. पारदच्या गढीवरून गोळीबार झाला, झटापटीत पाटील मारला गेला, आणि त्याच्या बायकोने आपलं पोर शाहूंच्या पायावर आणून घातलं. पहिली फत्ते म्हणून पोराचं नाव फत्तेसिंग. अक्कलकोटचं घराणं ते हेच.

१२ ऑक्टोबर १७०७ ला भीमाकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. ताराबाईंकडून धनाजी जाधव आणि परशुराम त्रिंबक प्रतिनिधी. लढाईच्या आधीच बाळाजी विश्वनाथांच्या खटपटीने धनाजींचं मन वळलेलं होतं. ऐन वेळी ते शाहूंकडे गेले, प्रतिनिधी एकटे पडले आणि साताऱ्याकडे निघून गेले. जानेवारी १७०८ उजाडता उजाडता सातारा पडलं, १२ जानेवारीला शाहूंचा राज्याभिषेक झाला.

ताराबाई कुठे गेल्या? पन्हाळ्याला. मोगलांकडे नाही, निजामाकडे नाही, गोव्याच्या फिरंग्याकडेही नाही. कोल्हापूरची वेगळी गादी झाली, मारामाऱ्या चालूच राहिल्या, पण राज्य मोडलं नाही.

दुसरं आळेगाव. नोव्हेंबर १७६२. पानिपताला दोन वर्षंही झालेली नाहीत. राघोबादादा निजामाची मदत घेऊन पुतण्यावर चालून आले आणि घोडनदी-आळेगावच्या लढायांत माधवराव हरले. वय वर्षं सतरा. हरल्यावर हा पोरगा काय करतो? सरळ काकाच्या छावणीत जाऊन उभा राहतो. काका, राज्य तुमचंच, सांभाळा. नजरकैद पत्करली, अपमान गिळले. दादांनी पटवर्धनांची मिरज घेतली, पटवर्धन चिडून निजामाला मिळाले, मे १७६३ मध्ये निजामाने पुणं जाळलं. तरी १० ऑगस्ट १७६३ ला राक्षसभुवनला काका-पुतणे एकाच बाजूने लढले, आणि घेरल्या गेलेल्या काकाला सोडवायला पुतण्याच धावला. आळेगावला हरलेल्याने ती लढाई नऊ महिन्यांत जिंकली, असं मी म्हणतो. पुढे जून १७६८ मध्ये धोडपला दादांना धरून शनिवारवाड्यात कोंडलं, तो त्याच हिशेबाचा शेवट.

आता हडपसर. इथे जरा थांबू.

आठ ऑक्टोबरला बारामतीजवळ होळकरांच्या फत्तेसिंग मान्यांनी पेशव्यांची फौज आधीच उधळली होती. यशवंतराव लोणी-हडपसरच्या अंगाला येऊन ठेपले. दौलतराव शिंदे स्वतः उत्तरेत. त्यांच्यातर्फे सदाशिव भास्कर बक्षी वानवडी-घोरपडीच्या बाजूला. होळकरांच्या कवायती पलटणी चौदा, विकर्स, हार्डिंग आणि आर्मस्ट्राँग या गोऱ्या अंमलदारांच्या हाताखाली. शिंद्यांच्या दहा, पण त्यातल्या डॉझ या अंमलदाराच्या चार महादजी शिंद्यांच्या फिरंगी सेनानी द बॉइनने घडवलेल्या, मुरलेल्या. घोडदळात मात्र होळकर फारच वरचढ.

सकाळी साडेनऊच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. पायदळ पायदळाला भिडलं आणि द बॉइनच्या पलटणी हटेनात. होळकरांचं घोडदळ मागे रेटलं गेलं. इथे लढाई हातची जायची, पण यशवंतरावांनी पळणारे स्वार स्वतः वळवले आणि त्यांच्या पुढे होऊन तोफांवर घातले. डॉझ पडला. इकडचा हार्डिंगही पडला. तोफा, डेरे, सामान, सगळं होळकरांच्या हाती आलं.

पेशवे दुसरे बाजीराव सकाळी जिंकायच्याच खात्रीने वाड्याबाहेर पडलेले. तोफांचा आवाज जवळून ऐकल्यावर पर्वतीकडे वळले, निकाल कळताच सिंहगड. त्याच दिवशी त्यांच्या कारभाऱ्याने संगमावरच्या रेसिडेन्सीत इंग्रज रेसिडेंट कर्नल क्लोजच्या हातात कागद ठेवला: तैनाती फौज द्या, खर्चाला पंचवीस लाखांचा मुलूख घ्या. मैदानावर धूर विरायच्या आत!

मग सिंहगडावरून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग, तिथून इंग्रजांनी पाठवलेलं जहाज आणि ६ डिसेंबरला वसई. ३१ डिसेंबर १८०२ ला तह. सहा हजारांची तैनाती फौज, सव्वीस लाखांचा मुलूख, सुरतेवरचा हक्क सोडला, निजाम आणि गायकवाडांशी असलेले तंटे इंग्रजांच्या लवादाने सोडवायचे. पेशवाईचा पेशवा तिथेच संपला. १८१८ ला फक्त कागदपत्रं पूर्ण झाली.

आणि जिंकलेले यशवंतराव? पुण्यात बसून वाट बघत होते. सुरुवातीला शहराला आपल्याच फौजेचा उपद्रव होऊ नये म्हणून पहारे बसवले होते. पेशवा परत येईना, फौजेचा पगार थकला, मग पुणेकरांकडून जबर वसुली सुरू झाली. इतकी मोठी फत्ते आणि इतका रिकामा हात दुसरा कुणाचा दाखवा.

---

इंदुरी_पोहे

भीमाथडी, तुम्ही गोष्ट २५ ऑक्टोबरला सुरू केलीत म्हणून आमचे यशवंतराव चालून आलेले वाटतात. आम्हा इंदूरवाल्यांना ती पाच वर्षं आधी सुरू होते.

ऑगस्ट १७९७ मध्ये तुकोजी होळकर वारले. मुलगे चार. काशीराव, मल्हारराव, यशवंतराव, विठोजी. काशीरावांनी भावांविरुद्ध दौलतरावांची मदत मागितली, सप्टेंबरमध्ये शिंद्यांच्या फौजेने पुण्यातच मल्हाररावांच्या तळावर छापा घातला, त्यात ते मारले गेले. त्यांचा लहान मुलगा खंडेराव शिंद्यांच्या कैदेत. यशवंतराव निसटून नागपुरात, तिथेही नजरकैद. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी पुण्यात हत्तीच्या पायी गेले, शनिवारवाड्यासमोर, बाजीरावांच्या डोळ्यांदेखत. ऑक्टोबर १८०१ मध्ये सर्जेराव घाटग्यांनी इंदूर लुटलं, आमचा राजवाडा जाळला. आजही राजवाड्याची गोष्ट सांगताना घरची म्हातारी माणसं ती आग पहिली मोजतात, त्यानंतरच्या दोन नंतर.

यशवंतराव मागत काय होते? खंडेरावाला सोडा, होळकरांची दौलत होळकरांना द्या. पेशवाई मागितली नव्हती. पुण्याने वेळीच एवढं केलं असतं तर हडपसर होतंच कशाला?

---

तोफखाना

धागा छान, पण सिद्धान्त जरा कवितेसारखा झालाय. हरलेला कुठे जातो हे तो कसा हरला यावर असतं, आणि कसा हरला हे पैशावर.

खेडला तलवार किती चालली? धनाजींनी बाजू बदलली आणि खेळ संपला. त्यांनी का बदलली? वतनं. मोगलांविरुद्धच्या पंचवीस वर्षांत प्रत्येक सरदाराने आपल्यापुरता मुलूख धरला होता. त्याला हक्काची सनद देणारा छत्रपती हवा होता आणि शाहूंची सनद जास्त टिकाऊ दिसत होती. दूधभात विसरायला एवढं कारण पुरतं. परसोजी भोसले शाहूंच्या ताटात जेवले आणि तोतया नसल्याची खात्री पटवली असं सांगतात. नागपूरकरांचा त्यात तोटा झाला का ते इतिहासात बघा.

हडपसरलाही तेच. दौलतरावांची खरी ताकद उत्तरेत, द बॉइनच्या जागी आलेल्या फ्रेंच सेनापती पेराँच्या हाताखाली, अलीगडला. त्यातल्या मोजक्या पलटणी दक्षिणेत आल्या. पेराँने सगळा कंपू पाठवला असता तर? त्याला उत्तरेतली स्वतःची जहागीर सांभाळायची होती. यादवी युद्धात निकाल लढणाऱ्यांपेक्षा न लढणारे लावतात. धनाजी खेडला, पेराँ १८०२ ला.

---

दप्तरदार

तोफखाना यांच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन, पण उदाहरण चुकीचं निवडलंत दोघांनीही. शाहू-ताराबाई भांडणाचा निकाल खेडला लागलाच नाही. तो लागला पालखेडला.

खेडनंतर काय झालं ते बघा. १७११ मध्ये धनाजींचा मुलगा चंद्रसेन बाळाजी विश्वनाथांशी भांडून ताराबाईंकडे गेला आणि तिथून निजामाकडे. बाळाजी पांडवगडावर अडकून पडले होते, थोडक्यात वाचले. शाहूंची बाजू तेव्हा किती पातळ होती याचा अंदाज येईल. १७१४ मध्ये कोल्हापुरातच उलथापालथ झाली, ताराबाईंच्या सवत राजसबाईंनी ताराबाई आणि त्यांचा मुलगा दोघांना कैदेत टाकून आपल्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवलं. म्हणजे यादवीच्या पोटात यादवी.

१७२७ मध्ये निजामाने डाव टाकला. चौथाई नेमकी कुणाला द्यायची, साताऱ्याला की कोल्हापूरला? आधी तुमचं ठरवा, असं म्हणून त्याने वसुली अडवली आणि संभाजीला हाताशी धरलं. फौज घेऊन पुणे प्रांतात घुसला. थोरल्या बाजीरावांनी पुण्याच्या बचावाला धावण्याऐवजी त्याचाच मुलूख तुडवत त्याला पळवलं, फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला पाणी तोडून कोंडलं आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. त्यात निजामाला संभाजीचा पक्ष सोडावा लागला. झालं. बाहेरचा आधार गेल्यावर कोल्हापूर एकटं लढू शकत नव्हतं. १३ एप्रिल १७३१ ला वारणेचा तह.

म्हणजे शाहू आणि संभाजी या दोन चुलत भावांमधल्या भांडणाचा निकाल जिथे लागला, त्या मैदानावर दोघांपैकी एकाही भावाचं निशाण मुख्य नव्हतं.

---

भीमाथडी

दप्तरदार, पालखेडचं मान्य. पण बघा ना, तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने बोलतंय. संभाजी निजामाच्या ओसरीवर गेला होता. बाजीरावांनी ओसरीचाच बंदोबस्त केला. १८०२ ला तो करायची कुणात ताकद होती? मुंबईचं आरमार बुडवणार होतो का आपण?

तोफखाना, पैसा-वतन सगळं खरं. पण धनाजी ज्या दोन पक्षांमध्ये निवड करत होते ते दोन्ही पक्ष घरातले होते, ही चैन १८०२ ला उरली नव्हती.

---

नवाभिडू

प्रश्न बाळबोध वाटेल. ताराबाईंची पुढे गाठभेट झाली का शाहूंशी? की त्या कोल्हापुरात कैदेतच गेल्या?

---

दप्तरदार

बाळबोध नाही, उत्तम प्रश्न. १७३० मध्ये साताऱ्याच्या फौजेने वारणाकाठी संभाजीच्या तळावर छापा घातला, संभाजी पन्हाळ्याला निसटला, बायकामाणसं सापडली. त्यात ताराबाईही. शाहूंनी बाकीच्यांना मानाने परत पाठवलं. ताराबाई म्हणाल्या, मला कैदेतच राहायचं तर तिथे काय आणि इथे काय, मी साताऱ्यालाच राहते. जिच्या विरोधात खेडची लढाई झाली ती बाई शाहूंच्या किल्ल्यावर राहायला आली!

आणि गप्प बसल्या असं समजू नका. शाहू गेल्यावर नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांनी शाहूंच्या जागी आलेल्या छत्रपती रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवून ठेवलं आणि नानासाहेब पेशव्यांना पुरते जेरीला आणले. वय तेव्हा पंचाहत्तर.

---

वानवडीवाला

जागेबद्दल थोडं. हडपसरची लढाई म्हटलं की लोक हडपसर गाडीतळ डोळ्यासमोर आणतात. फौजा पसरल्या होत्या त्या हडपसर, घोरपडी आणि वानवडी यांच्या मधल्या माळावर. आता तिथे लष्कराच्या हद्दी, घोरपडीचं रेल्वे यार्ड, फातिमानगरचा चौक आणि सोलापूर रस्त्यावरची गर्दी. संध्याकाळी सहा वाजता त्या रस्त्याला लागून बघा, चौदा पलटणी परवडल्या.

एक गोष्ट मात्र तिथे गेल्यावर लक्षात येते. वानवडीत महादजी शिंद्यांची छत्री आहे. महादजी तिथेच १२ फेब्रुवारी १७९४ ला गेले. ज्या कवायती पलटणी त्यांनी द बॉइनकडून पदरमोड करून उभ्या केल्या, त्यातल्या चार जवळपास त्यांच्या समाधीच्या आसमंतात, आठ वर्षांनी, आपल्याच माणसांविरुद्ध कापल्या गेल्या. इंग्रजांशी झुंजायला म्हणून ठेवलेलं हे पायदळ. पुढच्याच वर्षी असईला त्याची गरज लागली तेव्हा त्यातलं किती उरलं होतं?

---

मिसिसिपीकाठी

थोडं अवांतर, थोडं समांतर. मी इथे अमेरिकेत दक्षिणेकडे राहतो, त्यामुळे इथल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धाची मैदानं सुट्टीत बघायला मिळतात. जुलै १८६३ चा आठवडा इथे सगळ्यांना पाठ. १ ते ३ जुलै गेटिसबर्ग, ४ जुलैला विक्सबर्ग पडलं. जगाला गेटिसबर्ग माहीत, पण मैदान बघितल्यावर मी विक्सबर्गच्या बाजूने झालो.

गेटिसबर्गला दक्षिणेचा सेनापती ली हरला, पण १३-१४ जुलैच्या रात्री पोटोमॅक ओलांडून फौजेसकट निसटला. उत्तरेच्या मीडने नेट लावून पाठलाग केला नाही. लिंकन त्यावर भयंकर वैतागला होता. युद्ध आणखी पावणेदोन वर्षं चाललं. विक्सबर्गला उत्तरेच्या ग्रँटने ४७ दिवस वेढा घातला. लोक टेकडीत गुहा खणून राहत होते, खेचराचं मांस खात होते. दक्षिणेच्या पेंबरटनने जवळपास तीस हजार माणसांसकट शस्त्रं ठेवली. मिसिसिपी नदीचा मार्ग उत्तरेच्या ताब्यात गेला, टेक्सास-अर्कान्सा तुटलं. हरलेल्याला जायला जागाच ठेवली नाही.

भीमाथडींचा मुद्दा इथे वेगळ्या तऱ्हेने दिसतो. दक्षिणेची सगळी आशा इंग्लंड-फ्रान्सच्या मान्यतेवर होती. कापूस अडवला की इंग्लंड गुडघ्यावर येईल असा हिशेब. सप्टेंबर १८६२ मध्ये अँटिटमला लीची चढाई अडली, लढाई तशी बरोबरीतच सुटली. पण लिंकनने पाच दिवसांत गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला आणि त्यानंतर गुलामगिरीच्या बाजूने उभं राहणं इंग्लंडच्या सरकारला जड झालं. ओसरीचं दार बंद. निर्णायक लढाई म्हणून मी अँटिटमला विक्सबर्गच्या आधी ठेवीन.

अवांतरात अवांतर: तो अडलेला कापूस इंग्लंडने मुंबईकडून घेतला. प्रेमचंद रायचंद आणि शेअरांचं वेड, बॅकबे भरून काढण्याच्या कंपन्या, सगळं त्याच पैशावर. एप्रिल १८६५ मध्ये लीने शरणागती दिली आणि मुंबईतले कोट्यधीश काही महिन्यांत रस्त्यावर आले. परक्याच्या भाऊबंदकीत आपण बसलेली ओसरी ती.

---

पर्वतीच्या_पायऱ्या

सगळे मिळून दुसऱ्या बाजीरावाला धुताय, त्याला कुणीतरी वकील द्या.

माधवराव सतराव्या वर्षी काकाच्या तंबूत गेले, बाजीराव सत्ताविसाव्या वर्षी पळाले. तुलना आकर्षक आहे, बरोबर नाही. आळेगावला माधवरावांनी दादांच्या घरातलं कुणाला मारलेलं नव्हतं. बाजीरावांनी यशवंतरावांच्या सख्ख्या भावाला हत्तीच्या पायी दिलं होतं, आणि त्याला दीड वर्षच झालं होतं. हडपसरहून निरोप येतोय की 'या, आम्ही आपलेच चाकर आहोत'. तुम्ही गेला असतात? मी नसतो गेलो. यशवंतरावांचा हेतू कितीही साफ असो.

शिवाय जाणार कुठे? दौलतराव उत्तरेत. नाना फडणवीस १३ मार्च १८०० ला गेलेले, मधे पडून दोन्हीकडची मनधरणी करेल असं माणूस उरलं नव्हतं. साताऱ्याच्या छत्रपतींना स्वतः पेशव्यांनीच नजरकैदेत ठेवल्यासारखं केलेलं. जी खोली हरलेल्याला लपायला लागते ती आधीच्या तीस वर्षांत पेशव्यांनीच पाडून टाकली होती.

---

इंदुरी_पोहे

पायऱ्या, वकिली चांगली केलीत, पण आरोपीने गुन्हा वकिलाच्या तोंडून कबूल केला. भीतीचं कारण स्वतःच पैदा केलेलं होतं.

---

भीमाथडी

पर्वतीच्या_पायऱ्या यांचा मुद्दा माझ्या मांडणीला नेमका टोचतो. परतीची वाट लढाईच्या आधी कुणीतरी खुली ठेवावी लागते. विठोजींना कैदेत ठेवलं असतं, तर २५ ऑक्टोबरच्या संध्याकाळी बाजीरावांच्या हातात देण्यासारखी एक वस्तू असती. शाहूंनी ताराबाईंना मानाने वागवलं, माधवरावांनी दादांना धोडपनंतरही मारलं नाही, कोंडलं. कोंडण्याचेही तोटे असतात. त्याच दादांच्या नावाने ३० ऑगस्ट १७७३ ला माधवरावांनंतरचे पेशवे नारायणराव यांचा खून झाला आणि १७७५ च्या मार्चमध्ये दादा सुरतेला इंग्रजांशी तह करून आले, साष्टी-वसई लिहून देऊन. इंग्रजांच्या ओसरीची वाट बाजीरावांनी शोधलेली नाही. बापाने, म्हणजे याच दादांनी, पायवाट पाडून ठेवली होती, मुलाला फक्त चालत जायचं होतं.

---

तोफखाना

चला, मग हेही लिहून ठेवा. यशवंतरावांनी तरी दुसरा दिवस नीट वापरला का? सिंहगड किती लांब! बाजीराव बरेच दिवस त्या भागातच होते. घोडदळात एवढे वरचढ असून कोकणात उतरायच्या वाटा धरता आल्या नाहीत? मीडचं उदाहरण मिसिसिपीकाठींनी दिलंच. धनी म्हणून पाठलाग करायला संकोच आणि शत्रू म्हणून मैदानात तोफा, दोन्ही एकाच वेळी चालत नाही.

---

दप्तरदार

पाठलाग झाला, पण उशिरा आणि अर्धवट. तोवर बाजीरावांचे दत्तक भाऊ अमृतराव यांना जुन्नरहून आणून कारभार त्यांच्याकडे द्यायचा, त्यांच्या मुलाला, विनायकरावांना, पेशवा करायचं, ही जुळवाजुळव चालू होती. क्लोजलाही महिनाभर पुण्यात थांबवून घेतलं, त्याने मध्यस्थी करावी म्हणून! तो नोव्हेंबरअखेर निघून मुंबईला गेला आणि त्यानेच वसईच्या तहाचा मसुदा पुरा केला.

अमृतरावांचं पुढे काय झालं तेही बघून घ्या. एप्रिल १८०३ मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली 'पुणं जाळणार आहेत' ही बातमी ऐकून साठ मैल बत्तीस तासांत घोडा मारत आला. २० एप्रिलला पोचला तेव्हा अमृतराव निघून गेले होते, शहर शाबूत. १३ मेला बाजीराव गादीवर. आणि त्याच वर्षी अमृतरावांनी इंग्रजांकडून सालीना सात लाखांची नेमणूक घेतली, पुढे बुंदेलखंडात कर्वीला जाऊन राहिले. हरलेल्याचा पेशवाही तिकडेच गेला, जिंकलेल्याचाही.

---

इंदुरी_पोहे

आणि यशवंतराव १८०३ मध्ये इंग्रजांविरुद्ध शिंदे-भोसल्यांच्या बाजूने उतरले नाहीत. हे मी इंदूरची असून लिहितेय. दिल्ली, असई, लासवारी, अडगाव, सगळं ११ सप्टेंबर ते २९ नोव्हेंबर या अडीच महिन्यांत झालं आणि होळकरांचं घोडदळ बघत राहिलं. पुढच्या वर्षी एकटे लढले तेव्हा इंग्रजांच्या मॉन्सनची दाणादाण उडवली, दिल्लीला वेढा घातला, भरतपूरला इंग्रज सेनापती लेकचे चारही हल्ले परतवण्यात जाटांना साथ दिली. तोवर दौलतराव इंग्रजांशी तहावर सही करून मोकळे झालेले. २४ डिसेंबर १८०५ ला राजघाटला यशवंतरावांचीही सही झाली. हडपसरची खरी किंमत ती. मेलेले सैनिक भरून निघतात, पण शिंदे आणि होळकर एका छावणीत बसू शकले नाहीत ते नाहीच.

---

सुरसागर_बडोदे

उशिरा आलो. सगळे पुण्यात अडकलात, बडोद्याकडे कुणाचं लक्ष नाही, नेहमीप्रमाणे!

गोविंदराव गायकवाड १८०० मध्ये वारले. आनंदराव गादीवर आले, पण प्रकृतीने आणि मनाने दुबळे. एकीकडे भाऊ कान्होजी, दुसरीकडे कडीचे मल्हारराव गायकवाड बंड करून उठलेले, तिसरीकडे पगार थकलेले अरब शिबंदीवाले, म्हणजे भाडोत्री शिपाई. दिवाण रावजी आप्पाजींनी मुंबईच्या इंग्रजांना बोलावलं. मेजर वॉकर आला, १८०२ च्या उन्हाळ्यात कडी पडली, आणि आनंदरावांनी तैनाती फौज पत्करून मुलूख तोडून दिला. हे सगळं हडपसरच्या काही महिने आधी.

म्हणजे बाजीराव वसईच्या वाटेवर होते तेव्हा इंग्रजांना मसुदा नव्याने लिहायचाही त्रास नव्हता, बडोद्यावर एक तालीम झालेली होती. आणि तिथे तर इंग्रजांकडे पळून कुणी गेलं नाही. गादीवर बसलेल्याच्या दिवाणानेच दार उघडून त्यांना आत घेतलं. भीमाथडी, हा प्रकार तुमच्या हिशेबात कुठे बसवता ते सांगा.

---

भीमाथडी

बसत नाही. कडीवर तुम्हीच सविस्तर लिहा, रावजी आप्पाजी आणि अरब शिबंदीसकट. अरबांना बडोद्यातून काढायला नंतर इंग्रजांना शहरालाच वेढा घालावा लागला होता, तेही त्यात येऊ द्या.